पानिपत (चित्रपट)

पानिपत हा ६ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झालेला हिंदी ऐतिहासिक युद्धपट आहे. त्याचे दिग्दर्शन आशुतोष गोवारीकर यांनी केले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली यांच्यात झालेले पानिपतचे तिसरे युद्ध हा चित्रपटाचा विषय आहे. सुमारे १०० कोटी रुपये खर्चून काढलेल्या या चित्रपटाला निम्म्याच्या आसपासच रक्कम तिकीटबारीवर मिळाली आणि तो त्या वर्षाच्या मोठ्या अपयशांत गणला गेला.

पार्श्वभूमी

मराठी युद्धपटांची परंपरा कोल्हापुरात घडली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सिंहगड' (१९२३), त्यानंतर भालजी पेंढारकर यांचे 'छत्रपती शिवाजी' (१९५२) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) ही त्यातील ठळक नावे. या परंपरेचा जीव शिवकालात होता. गड सर होणे, गनिमाला चकवणे, स्वराज्याची उभारणी अशा प्रसंगांवर प्रेक्षक वाढला. 'पानिपत होणे' म्हणजे पुरता नाश होणे, असा वाक्प्रचार ज्या भाषेत रूढ आहे, तिच्या प्रेक्षकाला याच लढाईसाठी तिकीट काढायला लावणे मुळातच अवघड होते.

कादंबरीने मात्र हे काम केले होते. कोल्हापूर जिल्ह्यातील नेर्ले या गावचे विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पराभवाकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टी तिने बदलली. सदाशिवरावभाऊ हा गर्विष्ठ सेनापती, ही जुनी समजूत तिच्यामुळे मोठ्या प्रमाणात मागे पडली. पुढे याच कादंबरीवरून 'रणांगण' हे नाटक रंगभूमीवर आले.

कथानक

कथा पार्वतीबाईंच्या निवेदनातून उलगडते. उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊंकडे उत्तरेच्या मोहिमेची सूत्रे येतात. दत्ताजी शिंदे यांचा मृत्यू, दिल्लीचा ताबा, कुंजपुऱ्याचा विजय, त्यानंतर पानिपतला पडलेला वेढा आणि छावणीतील उपासमार या टप्प्यांनी कथा अखेरच्या दिवसापर्यंत पोहोचते. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरतात, हा इतिहासप्रसिद्ध प्रसंग चित्रपटाचा कळस आहे.

पार्वतीबाईंचे पात्र चित्रपटाने बरेच वाढवले असून त्या वैद्यकी जाणणाऱ्या आणि प्रसंगी तलवार उचलणाऱ्या दाखवल्या आहेत. इतिहासातील पार्वतीबाई रणभूमीवरून परतल्या. पती जिवंत असल्याच्या विश्वासावर त्यांनी वैधव्य स्वीकारण्यास नकार दिला, आणि पुढे तोतयाचे प्रकरणही उद्भवले. हा भाग अधिक नाट्यमय असूनही चित्रपट त्याकडे फारसा वळत नाही.

निर्मिती

अर्जुन कपूर (सदाशिवरावभाऊ), संजय दत्त (अब्दाली), क्रिती सेनॉन (पार्वतीबाई), मोहनीश बहल (नानासाहेब पेशवे) आणि पद्मिनी कोल्हापुरे (गोपिकाबाई) हे प्रमुख कलाकार होत. मल्हारराव होळकरांच्या भूमिकेत रवींद्र महाजनी आणि जनकोजी शिंद्यांच्या भूमिकेत त्यांचे पुत्र गश्मीर महाजनी आहेत. संगीत अजय-अतुल यांचे असून गीते जावेद अख्तर यांची आहेत. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी कर्जत येथील आपल्या स्टुडिओत शनिवारवाडा उभारला होता.

वाद

प्रदर्शनापूर्वी विश्वास पाटील यांनी आपल्या कादंबरीतील सामग्री वापरल्याचा आरोप करून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, परंतु प्रदर्शन थांबले नाही. अब्दाली हा अफगाणिस्तानात राष्ट्रपुरुष मानला जातो. त्यामुळे त्याच्या चित्रणाबद्दल तिकडूनही चिंता व्यक्त झाली.

सर्वाधिक तीव्र विरोध राजस्थानात झाला. भरतपूरचे महाराजा सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्ऱ्याचा किल्ला मागतात, असे चित्रपटात दाखवले होते. जाट समाजाने त्यास आक्षेप घेतला. काही ठिकाणी खेळ बंद पडले आणि निर्मात्यांना सुमारे ११ मिनिटांचा भाग कापावा लागला. युद्धानंतर जीव वाचवून आलेल्या मराठ्यांना सूरजमल यांनीच अन्न, वस्त्र आणि आसरा दिला होता, हे लक्षात घेता हा आक्षेप केवळ जातीय अस्मितेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

व्यावसायिक अपयश

पहिल्या दिवशी चित्रपटाने भारतात सुमारे ४ कोटी रुपये मिळवले. त्याच दिवशी आलेल्या 'पती पत्नी और वो' या हलक्याफुलक्या चित्रपटाची कमाई सुमारे ९ कोटी होती. राजस्थानातील बंदीसदृश स्थितीने नुकसानीत भर घातली, तथापि मूळ कारण तेवढेच नव्हे. झलक प्रसिद्ध झाल्यापासूनच 'बाजीराव मस्तानी'शी (२०१५) तुलना सुरू झाली होती. अर्जुन कपूर यांची निवड अनेकांना पटली नाही. जवळजवळ तीन तासांच्या लांबीत राजकीय वाटाघाटींना मोठी जागा आहे, आणि ज्याला शिंदे-होळकरांचे हेवेदावे ठाऊक नाहीत अशा हिंदी प्रेक्षकाला त्यांतून वाट काढणे जड गेले. मराठी प्रेक्षकाची अडचण उलट होती. त्याला सर्व माहीत होते, आणि पेशव्यांच्या घरातील माणसे हिंदीत बोलताना त्याला परकी वाटत होती.

पाचच आठवड्यांनी, १० जानेवारी २०२० रोजी, 'तान्हाजी' प्रदर्शित झाला आणि त्याने प्रचंड यश मिळवले. इतिहासाशी त्याने घेतलेली मोकळीक 'पानिपत'पेक्षा कितीतरी अधिक होती. परंतु त्यात नायक मरतो तरी गड येतो. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात पेंटरांनी पडद्यावर आणलेली कथाही तीच होती.

समीक्षकांची मते संमिश्र होती. युद्धदृश्यांची भव्यता, संजय दत्त यांचा अब्दाली आणि रसद, ऋतू, नद्यांचे पूर यांसारख्या लष्करी बाबींकडे दिलेले लक्ष यांचे कौतुक झाले, तर संथ गती आणि नायकाचा अभिनय यांवर टीका झाली.