पाट घरचा, मूर्ती नवी: गेमच्या पुढच्या भागातलं जुनं प्रेम

पेण-रोह्याकडे अजूनही कित्येक घरं गणपतीआधी आपला पाट कारखान्यात नेऊन देतात. मूर्ती दरवर्षी नवी, पाट मात्र घरचा. आणि वर सांगायचं, "गेल्या साली होती तशीच, लोडाला टेकलेली." व्हिडिओ गेममधली सेव्ह फाइल म्हणजे हा पाट समजा, पुढचं सोपं जाईल.

'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० साली आला, मग २०१५ आणि २०१८ मध्ये पुढचे भाग. तिथे दोघांचं जुळलं ते सगळ्या प्रेक्षकांसाठी एकदाच जुळलं. गेममध्ये तसं नसतं. 'मास इफेक्ट'चा पहिला भाग २००७ चा. नायक शेपर्ड. त्याने कुणावर प्रेम करायचं, की कुणावरच नाही, हे खेळणारा ठरवतो. २०१० च्या दुसऱ्या भागात तीच फाइल घातली की केबिनमधल्या टेबलावर त्या व्यक्तीचा फोटो दिसतो. नव्या कुणाशी सूत जुळवलंत तर तो फोटो पालथा पडलेला असतो! मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रसंग तोच.

स्वस्त का म्हणतो, ते बघा. पहिल्या भागात अ‍ॅशली आणि कायडन यांच्यापैकी एक जण मरतोच, कोण ते तुमच्या हातात. म्हणजे पुढच्या भागात ती आहे की तो, शेपर्डशी नातं होतं की नव्हतं, प्रत्येक शक्यतेचे संवाद वेगळे लिहायचे, रेकॉर्ड करायचे. खर्च कुठल्या कुठे जातो. मग लेखक काय करतात? पात्राला थोडा वेळ समोर आणतात, भांडण लावतात, आणि बाजूला काढतात. दुसऱ्या भागात अगदी हेच झालं. हे सगळं लेखकाच्या मनात प्रेमाची किंमत कमी म्हणून होत नाही, हिशेब जमत नाही म्हणून होतं.

पण खेळणाऱ्याला हिशेब दिसत नाही. २०१२ च्या तिसऱ्या भागात, जेकबवर प्रेम केलेली शेपर्ड परत येते, तर तो दुसरीबरोबर संसार मांडून बसलेला. मूल व्हायचंय. लोक चिडले, आणि माझ्या मते रास्तच चिडले: दुरावा यायला हरकत नाही, पण तो माझ्यामागे परस्पर ठरवायचा नाही.

याहून अवघड उदाहरण २०२४ च्या 'लाइफ इज स्ट्रेंज: डबल एक्स्पोजर'चं. २०१५ च्या पहिल्या गेमच्या शेवटी क्लोईला वाचवायचं तर अख्खं गाव वादळाला द्यावं लागतं. ज्यांनी गाव दिलं, त्यांना नव्या गेमने सुरुवातीलाच नीट विचारून घेतलं, तुम्ही काय केलं होतंत? आणि मग सांगितलं, त्या दोघी आता एकत्र नाहीत. पाट घेतला, मूर्ती दुसऱ्याच घरची दिली.

याउलट त्याच वर्षी आलेला 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' पाहा. मागच्या भागात गादीवर कोण बसलं, धर्मप्रमुख कोण झालं, यातलं काहीही तो विचारत नाही. जुने फक्त तीन निर्णय विचारतो. त्यातला एक: तुमचं प्रेम कुणावर होतं?