शातो? तो तर कसारा घाटापलीकडे!

ऑफिसच्या पार्टीत वाईनच्या लेबलवर ‘शातो’ दिसलं, की आपण एकदम सीरियस होतो. ग्लास गोल फिरवतो, वास घेतो, मान डोलावतो. कळत मात्र काहीच नसतं!

शातो म्हणजे गढी. पण बोर्डोमध्ये, आपल्याच मळ्यातल्या द्राक्षांची वाईन करणारी इस्टेट. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी या इस्टेटींची क्रमवारी लागली. रेड वाईनच्या पहिल्या वर्गात चारच नावं होती : लाफीत, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर (हो, लातूर! पण आपलं नव्हे). १९७३ मध्ये मूतों त्यात आली. बस्स, इतकाच बदल.

आपल्याकडे एवढा जुना दरारा कुठला? पण गोष्ट आहे, आणि तीही जवळच. मी राहते त्या कोलशेतहून माजिवडा गाठायचं, भिवंडी मागे टाकायची, कसारा घाट चढायचा. दीडशेएक किलोमीटरवर नाशिक.

आधी नारायणगाव

सुरुवात मात्र पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला झाली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे ‘शातो इंडाज’ उभी केली. तांत्रिक मदत थेट शॅम्पेनमधल्या पायपर-हायडसीकची. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फसफसणारी वाईन करायची, ही तिकडची पद्धत. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली, तर इथे ‘मार्कीज द पॉम्पादूर’ म्हणून. नाव फ्रेंच, थाट फ्रेंच. पुढे मात्र विस्ताराची घाई आणि कर्ज अंगाशी आलं. २००८ च्या मंदीनंतर कंपनी सावरली नाही.

मग आईचं नाव

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदाराची. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरीला होते. ती सोडून नव्वदच्या दशकात ते नाशिकला, घरच्या जमिनीवर आले. कॅलिफोर्नियाचे वाईनमेकर केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने १९९७ मध्ये सोविन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां लावली. २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली. नाव? आई सुलभा, म्हणून ‘सुला’. लेबलवर मिशीवाला सूर्य!

२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, तेव्हा नाशिकला वायनऱ्यांची रांग लागली. २००५ मध्ये सुलाने मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली, डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

कॅलेंडर आपलंच

खरी गंमत शेतात आहे. बोर्डोत थंडीत वेल झोपते आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. नाशिकच्या वेलीला झोपच नाही! म्हणून दोनदा छाटणी : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरला की गोडी छाटणी. घड हिवाळ्यात पिकतो, तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. सहाशेएक मीटर उंचीमुळे रात्री गार असतात, त्यामुळे आंबटपणा टिकतो. पुढचं सोपं : व्हाईटसाठी रस काढून थंड टाक्यांत आंबवायचा, रेडसाठी सालींसकट. रंग सालीतूनच येतो.

हे तंत्र कुठलंही फ्रेंच पुस्तक वाचून जसंच्या तसं उचलता येत नाही. ते इथल्या बागायतदारांच्या हातात आहे, आणि जोखीमही त्यांचीच. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. कंपनीने माल उचलला नाही तर तो खायची द्राक्षं म्हणून बाजारात विकता येत नाही. नवी वेल लावली तर पुरतं पीक यायला दोन-तीन वर्षं. म्हणजे एखादी वायनरी कोसळली, की तिचा फटका शेअरहोल्डरच्या आधी बांधावर बसतो. शातोचा मान लेबलवरच्या नावात नसतो. पंचवीस वर्षं त्याच मळ्याचा माल घेऊन त्याचे पैसे वेळेवर चुकते करण्यात असतो.

जाताय?

• तोडणी बघायची तर जानेवारी ते मार्च.
• गाडी चालवणाऱ्याने ग्लास हातात घ्यायचा नाही. नो आर्ग्युमेंट.
• आपल्या उकाड्यात रेडही किंचित गार प्या. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.
• गाईडला भाव विचारण्याआधी विचारा : ही द्राक्षं कोणत्या गावची?