दहा हजारांतला एक फोटॉन : अणुवैद्यकातील प्रतिमांचे भौतिकशास्त्र

क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनमध्ये किरणांचा उगम शरीराबाहेर असतो आणि शरीराने अडवलेल्या किरणांच्या सावलीतून चित्र तयार होते. अणुवैद्यकात, म्हणजे रुग्णालयांत ज्याला 'न्यूक्लिअर मेडिसिन' म्हणतात त्या शाखेत, ही मांडणी उलटी होते : किरणोत्सारी अणू जोडलेले औषध रुग्णाला टोचतात, ते आपल्या रासायनिक स्वभावानुसार विशिष्ट अवयवात साठते आणि तिथून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. हाडांच्या स्कॅनमध्ये काळे दिसणारे ठिकाण म्हणूनच हाडाच्या आकाराविषयी फारसे सांगत नाही. तिथे हाड झपाट्याने घडते-मोडते आहे, एवढे मात्र ते नेमके सांगते. सजीवाच्या शरीरात किरणोत्सारी अणूंचा माग काढण्याची ही कल्पना जॉर्ज द हेवेशी यांनी १९२३ मध्ये वनस्पतींवर आजमावली आणि तिच्यासाठी त्यांना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अडचण अशी, की जिवंत माणसाला द्यायची मात्रा मर्यादितच ठेवावी लागते, त्यामुळे चित्रासाठी हाती येणारे किरण मोजके असतात. या शाखेतील बहुतेक सारी यंत्ररचना या टंचाईला दिलेले उत्तर आहे.

गॅमा कॅमेऱ्याच्या तपासण्यांत सर्वांत जास्त वापरले जाणारे मूलद्रव्य निसर्गात जवळजवळ सापडतच नाही. बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मोलिब्डेनमच्या पत्र्यातून पेरिए आणि सेग्रे यांनी १९३७ मध्ये पालेर्मो येथे टेक्नेशियम ओळखले. त्याचे 'टेक्नेशियम-९९एम' हे रूप वैद्यकाच्या कामाचे ठरले. त्यातला 'एम' म्हणजे मेटास्टेबल, अर्थात अणुकेंद्राची अशी उत्तेजित अवस्था, जी लगेच न ढळता काही काळ टिकते. इथे तिचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. ती ढळताना बहुतेक वेळा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा फोटॉन बाहेर पडतो. याहून कमी ऊर्जेचे किरण शरीरातच अडकून पडतात, तर आयोडीन-१३१ च्या ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टसारखे जास्त ऊर्जेचे किरण कॅमेऱ्याच्या शिशातून आरपार जातात आणि स्फटिकातूनही निसटतात. १४० हा आकडा या दोहोंच्या मधला, जणू मागून घेतल्यासारखा.

सहा तासांचे आयुष्य रुग्णाला सोयीचे असले तरी वाहतुकीला मारक होते. त्यावरचा उपाय ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघाला. शिशाच्या जाड कवचातील छोट्या स्तंभात ॲल्युमिनावर मोलिब्डेनम-९९ चिकटवलेले असते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास असून त्यातून टेक्नेशियम सतत तयार होत राहते. सकाळी स्तंभाच्या एका टोकाला सलाइनची कुपी आणि दुसऱ्या टोकाला निर्वात कुपी लावली, की निर्वातामुळे सलाइन स्तंभातून ओढले जाते. मोलिब्डेनम ॲल्युमिनाला धरून राहते आणि विरघळलेले टेक्नेशियम तेवढे कुपीत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत स्तंभ पुन्हा भरलेला असतो, म्हणून या क्रियेला 'मिल्किंग' असे नाव पडले. ते टेक्नेशियम तयार किटमधील फॉस्फोनेटमध्ये मिसळले, तर हाडांत बसते; सेस्टामिबीशी जोडले, तर हृदयाच्या स्नायूत.

किरण टिपणारा कॅमेरा हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कले येथे घडवला. गॅमा किरण भिंगाने वाकवता येत नाहीत, त्यामुळे कोणता फोटॉन कुठून आला हे कळण्यासाठी एकच मार्ग उरतो : नको त्या दिशेचे सगळे फोटॉन अडवायचे. हे काम कोलिमेटर करतो. तो म्हणजे हजारो समांतर छिद्रांची शिशाची जाड जाळी. छिद्रांच्या दिशेने सरळ येणारा फोटॉन आत जातो, तिरका शिशात जिरतो. दहा हजारांतला जेमतेम एक पार होतो. छिद्रे मोठी केली तर फोटॉन वाढतात पण चित्र पुसट होते, बारीक केली तर चित्र रेखीव होते पण फोटॉन घटतात. ही ओढाताण कोणत्याही संगणकाने पूर्णपणे मिटवता येत नाही. कॅमेऱ्याच्या स्फटिकाचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कौतुक फार होते, पण शरीरात दहा सेंटिमीटर खोल असलेल्या ठिपक्याचा सात-आठ मिलिमीटरचा फराटा होतो, तो मुख्यतः या जाळीमुळे.

जाळीमागे थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा स्फटिक असतो. फोटॉन त्यात थांबला की पाचएक हजार प्रकाशकणांची ठिणगी उडते, मागच्या फोटोमल्टिप्लायर नळ्यांना तिचा कमी-अधिक वाटा मिळतो आणि त्या वाट्यांच्या प्रमाणावरून ठिणगीची जागा काढली जाते. सगळ्या वाट्यांची बेरीज फोटॉनची ऊर्जा सांगते : शरीरात आपटून दिशा बदललेला फोटॉन ऊर्जा गमावून येतो, म्हणून १२६ ते १५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या बाहेरचे फोटॉन सहसा बाद ठरतात. उरलेल्यांतही संख्याशास्त्राचा जाच असतोच, कारण एका बिंदूवर शंभर फोटॉन मोजले गेले तर त्यात दहा टक्क्यांची अनिश्चितता राहते आणि ती एक टक्क्यावर आणायला दहा हजार लागतात. रुग्णाला कॅमेऱ्याखाली वीस-तीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागते, त्यामागचे गणित हेच.

पेट (पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी) स्कॅनने शिशाची जाळीच काढून टाकली. फ्लोरीन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन ऊतीत सरासरी मिलिमीटरभरही न जाता इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नष्ट होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील दोन शोधकांनी काही नॅनोसेकंदांच्या आत एकेक फोटॉन नोंदवला, की उगम त्यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे असे ठरते. दिशा कळण्यासाठी काही अडवावे लागत नाही. दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. दोन्ही फोटॉनांनी मिळून कापलेली वाट उगम कितीही खोल असला तरी तेवढीच राहते, त्यामुळे शरीरात किती जोड्या जिरल्या हे सोबतच्या सीटीवरून चोख काढता येते. फोटॉनांच्या येण्याच्या वेळेतील फरक मोजता आला, तर रेषेवरची जागाही उलगडू लागते. २०० पिकोसेकंदांची अचूकता म्हणजे तीन सेंटिमीटर.

फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने ते बनवणारा सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले होते. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच आला. टेक्नेशियमची गोष्ट वेगळी आहे. ते ज्यातून मिळते त्या मोलिब्डेनम-९९ च्या जगभरच्या पुरवठ्याचा भार अनेक वर्षे कॅनडातील चॉक रिव्हर, नेदरलँड्समधील पेटन अशा १९५०-६० च्या दशकांतील मोजक्या अणुभट्ट्यांवर होता. २००९-१० मध्ये या दोन्ही बंद पडल्या, तेव्हा अनेक देशांत स्कॅन पुढे ढकलावे लागले, कारण ६६ तासांत निम्म्या होणाऱ्या मोलिब्डेनमचा साठा करून ठेवता येत नाही.