हडपसरची थंडी आणि गार पाण्यातला सूर

"हडपसरला कुठली आलीय थंडी!" शहराच्या पश्चिमेकडचे नातेवाईक डिसेंबरात हे हमखास ऐकवतात. त्यात थोडं तथ्य आहे. मगरपट्ट्याच्या हवामान केंद्रावर पहाटेचं तापमान बहुतेक वेळा शिवाजीनगरपेक्षा काही अंशांनी जास्तच असतं, कारण दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतं. पण १७ जानेवारी १९३५ रोजी याच पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. शिवाय पाण्यात उतरायचं म्हटलं की हवेचा आकडा फारसा कामाचा राहत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं.

गार पाण्यात माणूस गारठून मरतो, हा सगळ्यात घातक गैरसमज. बर्फाळ पाण्यातसुद्धा शरीर आतून धोकादायक इतकं थंड व्हायला साधारण अर्धा तास लागतो. खरा घात पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत होतो. अंगाला एकदम गार पाणी लागलं की मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, पाठोपाठ धाप लागते, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. तो पहिला श्वास ठरवून रोखता येत नाही. कॅनॉलच्या पुलावरून सूर मारणाऱ्या पोराचं तोंड नेमकं त्याच क्षणी पाण्याखाली असतं. पट्टीचा पोहणाराही इथेच फसतो.

यासाठी हिमालयात जावं लागत नाही. पाणी २५ अंशांच्या खाली गेलं की हा झटका जाणवू लागतो आणि १० ते १५ अंशांना तो सर्वांत तीव्र असतो. खडकवासल्यातून सुटून हडपसरवरून इंदापूरकडे जाणारं जानेवारीतलं आवर्तनाचं पाणी पहाटे २५ अंशांच्या खालीच असतं. वर ओढ, आणि काठ तिरके, शेवाळलेले. कॅनॉलमध्ये पोहूच नये, थंडीत तर नाहीच. तलावात उतरायचं तर आधी हातपाय, मान, चेहरा ओला करा, पायऱ्यांनी जा आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत काठ सोडू नका.

"विहिरीचं पाणी थंडीत गरम होतं" असं मांजरी-फुरसुंगीकडे अजून ऐकू येतं. पाणी गरम होत नाही. भूजलाचं तापमान वर्षभर जवळपास तेवढंच राहतं. बाहेरची हवा गार झाल्यानं ते आपल्याला कोमट लागतं, एवढंच.

मग थंड समुद्रात पोहणारे जन्मतःच वेगळे असतात का? पुण्याच्या रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून 'ओशन्स सेव्हन'च्या सातही खाड्या पूर्ण केल्या. हे करणारे ते पहिले आशियाई. अशा पोहण्याच्या नियमांत उबदार वेटसूट बसत नाही. सवय मात्र लावता येते: दोन-तीन मिनिटांचं गार पाणी पाच-सहा वेळा अंगावर घेतलं, तरी सुरुवातीचा झटका निम्म्यावर येतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

रमनं ऊब येते, हेही खोटंच. दारूनं कातडीकडचं रक्त वाढतं, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता मात्र बाहेर जाते. गारठलेल्याचे हातपाय चोळत बसू नये, त्याला लगेच कढत पाण्यानं अंघोळही घालू नये. ओले कपडे काढा, आडवं करा, कोरडं पांघरूण द्या. शुद्धीत असेल तर गरम गोड चहा चालेल.

शेवटचा समज घरातलाच: दारं-खिडक्या लावून घेतल्या की थंडी सुटली. बंद बाथरूममधला गॅस गीझर किंवा खोलीतली कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना वास, ना रंग. अंघोळीला गेलेला माणूस हाक मारूनही ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा.