वैद्यकीय समाजसेवकाचा न संपणारा अभ्यास

रुग्णालयात डॉक्टर काय करतात, परिचारिका काय करतात, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असलेल्या खोलीत नेमके काय चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोणाला वाटते, येथे फुकट औषधे मिळतात. कोणाला वाटते, हा बिल कमी करून देणारा कारकून. गेली बावीस वर्षे मी अशाच एका खोलीत बसतो. या कामाविषयी आणि त्यासाठी सतत का शिकावे लागते याविषयी आज थोडे लिहितो.

कामाचे स्वरूप

आजार एकाला होतो, पण तो येतो सगळ्या घरावर. क्षयरोग्याला सहा महिन्यांची औषधे लिहून देणे हे डॉक्टरांचे काम. पण तोच रुग्ण ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला तर गोळ्या कोठून घेणार, घरातल्या लहान मुलांची तपासणी झाली का, आजारी सुनेला सासरच्यांनी माहेरी तर धाडले नाही ना, हे पाहणे आमचे काम.

आपल्या देशात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. त्याआधी १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सर दोराबजी टाटा यांच्या नावाने मुंबईत निघाली होती. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. अशा संस्थांतून दोन वर्षांची एम.एस.डब्ल्यू. ही पदवी घेऊन आमच्यातील बहुतेक जण या कामात येतात.

पदवी जुनी होते

अडचण अशी की, पदवी भिंतीवर तशीच राहते आणि बाहेरचे नियम बदलत जातात. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत आली, २०१३ मध्ये राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिका असलेल्यांसाठी होती. २०२४ पासून पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये २०१८ पासून मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.

जुनाच नियम डोक्यात धरून बसलेल्या माणसाने ‘तुमची शिधापत्रिका पांढरी आहे, तुम्हाला काही मिळणार नाही’ असे सांगितले, तर नातेवाईक माघारी जातात आणि सावकाराच्या दारात उभे राहतात. समाजसेवकाच्या अज्ञानाची किंमत अशी रुग्णाच्या घराला मोजावी लागते. म्हणून शासनाचे नवे निर्णय वाचणे हा आमच्या अभ्यासाचा पहिला भाग.

कीटकनाशक प्यायलेला रुग्ण

दुसरा भाग कायद्याचा आणि मनाचा. आपल्या शेतीच्या जिल्ह्यांत कीटकनाशक प्यायलेले रुग्ण नेहमी येतात. नातेवाईक सांगतात, ‘फवारणी करताना वास गेला’ किंवा ‘अंधारात चुकून प्यायला.’ यामागे पोलिसांची भीती असते. पूर्वी ती निराधार नव्हती, कारण दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे असते आणि तिला उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र आजही गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते, जबाबही होतो; पण केवळ प्रयत्न केला म्हणून माणूस तुरुंगात जाईल, ही भीती आता बाळगू नये. हे नातेवाइकांना पटले की ते खरे सांगतात, औषधाची बाटली आणून दाखवतात आणि डॉक्टरांना योग्य उतारा लवकर देता येतो.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, अशी जुनी समजूत आहे. ती चुकीची असल्याचे अभ्यासाने दिसून आले आहे. उलट, शांतपणे विचारले तर माणूस मोकळा होतो. मात्र असे विचारणे आणि उत्तर ऐकून घेणे हे कौशल्य आहे. ते पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या सहकाऱ्यासमोर आपल्या केसची चर्चा करावी लागते.

आजच्या अडचणी

महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी व्याख्याने, परिषदा यांतून ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. आमच्या पेशाला अशी सक्ती नव्हती. ज्याला आवड तो शिकला, बाकीचे राहिले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य क्षेत्रातील अनेक संलग्न व्यवसायांसाठी आयोग निर्माण केला. त्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांचाही समावेश आहे, ही स्वागताची गोष्ट आहे.

दुसरी अडचण गुप्ततेची. रुग्णाचा केसपेपर कपाटात कुलूपबंद असतो आणि त्याचा फोटो मदतीच्या आवाहनाबरोबर व्हॉट्सॲपवर गावभर फिरतो. मदत मिळते, पण एखाद्या मुलीचा आजार कायमचा जगजाहीर होतो. फोटोऐवजी काय पाठवावे, संमती कशी घ्यावी, हा आमच्यासाठी नवा धडा आहे.

तिसरी अडचण आमची स्वतःची. दिवसभर दुसऱ्याचे दुःख ऐकणारा माणूसही थकतो. मग तो ऐकणे सोडून फक्त फॉर्म भरू लागतो. महिन्यातून एकदा सहकाऱ्यांनी एकत्र बसून बोलणे हा यावरचा साधा उपाय आहे. अशा बैठकीला वेळ देणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे वरिष्ठांनीही समजून घ्यावे.

वाचकांनी काय करावे?

रुग्ण दाखल झाला की पहिल्याच दिवशी समाजसेवकाला किंवा योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे. फुले योजनेत रोख पैसे हाती मिळत नाहीत आणि मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरून झाल्यावर आलात तर आमचे हात बांधलेले असतात. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवावे. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात; तेथे त्याची चौकशी अवश्य करावी. मनाचा त्रास असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आणि आम्ही सांगितलेला नियम कालचा की आजचा अशी शंका आली, तर संकोच न करता विचारावे. त्या प्रश्नाने आम्हीही शिकतो.