डॉक्टर, माझा आकडा किती?
मंडळी, "तब्येत ठणठणीत दिसतेय" हा झाला अंदाज. हृदयविकाराचा धोका मोजायला आकडे लागतात. हा हिशेब अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासातून आला. तिथले लोक बहुतेक गोरे. म्हणून सिंगापूरने त्यात चिनी, मलय, भारतीय असा वंशही धरला आणि २०२३ मध्ये सूत्र सुधारलं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांवरून फॅमिली डॉक्टर पुढच्या १० वर्षांचा धोका टक्क्यांत काढतात. पण माहिती अपुरी, तर उत्तरही अपुरं. वडिलांना ऐन पन्नाशीत आलेला हार्ट अटॅक या सूत्रात बसत नाही; तो आपणच सांगायचा. इथे भारतीयांना हा विकार चिनी लोकांपेक्षा जास्त होतो, तेव्हा चाळिशी गाठलेल्यांनी 'हेल्दियर एसजी'त नाव नोंदवाच!