हाताला बसलेलें यंत्र

वऱ्हाडांतील जाणता शेतकरी नवा वखर घेतो, तेव्हां तो जसाच्या तसा शेतांत नेत नाहीं. सुताराकडून रुमणें आपल्या उंचीस जुळेल असें करून घेतो, पासेला लोहाराकडून धार लावून घेतो आणि मगच बैल जुंपतो. औजार विकत मिळतें. परंतु तें हाताला बसवावें लागतें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. तोच शेतकरी स्मार्टफोन घेतो, तेव्हां मात्र दुकानदारानें ज्या स्थितींत तो हातीं दिला, त्याच स्थितींत वर्षानुवर्षें वापरतो. हवामान पाहावयाचें तर शेजारच्या मुलास हांक मारतो, पैसे पाठवावयाचे तर दुसऱ्याच्या हातीं फोन देतो आणि पुष्कळदां त्याबरोबर आपला गुप्त अंकहि सांगून टाकतो. अमरावती-अकोल्याकडील खेड्यापाड्यांत हें दृश्य नवें नाहीं. दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं. औजार हाताला बसविलें गेलें नाहीं, एवढाच आहे.

फोन हाताला बसवितां येतो, ह्याचें कारण त्याच्या घडणींत आहे. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें, त्या काळच्या रेडिओला खुंट्या असत. एकीनें आवाज कमीजास्त करावा, दुसरीनें सुई केंद्रावर आणावी. ह्या खुंट्यांची जागा कारखान्यांत एकदां ठरली कीं ठरली. स्मार्टफोनाच्या कांचेवर मात्र खरें बटण एकहि नसतें; जीं दिसतात तीं चित्रें होत. कांचेखालीं डोळ्यांस न दिसणारें विद्युद्वाहक जाळें पसरलेलें असतें. बोट टेकतांच त्या ठिकाणचा विद्युद्भार किंचित् बदलतो आणि बोट कोठें टेकलें, किती वेळ राहिलें, कोणीकडे सरकलें हें यंत्रास कळतें. म्हणूनच कोरड्या काडीनें टोचून फोन दाद देत नाहीं आणि ओल्या हातानें बावचळतो. बटणें चित्रांचीं असल्यामुळें तीं पुसतां येतात, हलवितां येतात, मोठीं करतां येतात. ही मोकळीक धन्यानें वापरली पाहिजे.

प्रथम ॲपचा विचार करूं. ॲप म्हणजे एखाद्या कामापुरती लिहिलेली आज्ञावली. २००८ सालीं ॲपचीं दुकानें फोनांतच उघडलीं आणि फोन हें जणूं कोनाड्यांचें कपाट झालें. नव्या फोनाच्या कोनाड्यांत खेळ, खरेदी व करमणूक आधींच भरलेलीं असतात. तीं विकणाऱ्याच्या सोयीचीं, घेणाऱ्याच्या नव्हत. पहिल्या पडद्यावरून तीं दूर करावींत व तेथें नित्य कामाचीं तेवढीं चार ठेवावींत. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्याच्या दृष्टीनें हीं चार कोणतीं, तें पाहूं.

पहिलें ‘मेघदूत’. २०१९ सालीं सुरू झालेल्या ह्या ॲपमध्यें मंगळवारीं व शुक्रवारीं जिल्ह्याचा हवामान-अंदाज आणि पीकसल्ला दिला जातो. दुसरें ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें हें ॲप फोन असलेल्या जागेपासून २० व ४० किलोमीटरांच्या टप्प्यांतील विजेची सूचना देतें. तिसरें ‘ई-पीक पाहणी’. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ह्या मार्गानें शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें व सात-बारावर नोंद करावी, अशी व्यवस्था झाली. चौथें ‘कपास किसान’. हमीभावानें कापूस विकण्यासाठीं नांव नोंदविण्याकरितां तें २०२५ सालीं निघालें. ह्या चारांपैकीं एकाची हयगय झाली तर पीक, पैसा किंवा प्राण ह्यांस धोका आहे. म्हणून तीं मुलाच्या आठवणीवर सोडूं नयेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘दामिनी’ फोनांत असून भागत नाहीं. तिला फोनाचें स्थान जाणण्याची व सूचना देण्याची परवानगी हवी. बॅटरी वांचविण्याची सोय पुष्कळ फोनांत अशी असते, कीं न वापरलेलें ॲप ती झोंपवून टाकते. मग वीज कडाडली तरी सूचना येत नाहीं. पेरणीपूर्वीं बियाणें तपासतात, तशी ही परवानगीहि तपासून घ्यावी. मेळघाटांत जाणाऱ्यानें तर नकाशा आधींच फोनांत उतरवून ठेवावा. डोंगरांत अनेक ठिकाणीं जाळें पोंचत नाहीं.

दुसरी गोष्ट जवळच्या वाटेची. सडकेनें वळसा घालण्यापेक्षां शेतकरी धुऱ्यावरील पाऊलवाट धरतो. फोनांतहि अशा पाऊलवाटा आहेत, त्यांस शॉर्टकट म्हणतात. ॲपच्या चित्रावर बोट क्षणभर दाबून धरलें, तर पुष्कळ ॲप आपल्या आंतील कामांची लहानशी यादी दाखवितात. तींतील हवें तें काम ओढून पडद्यावर ठेवतां येतें. अनेक फोनांत एखाद्या माणसाचें नांवहि असें ठेवतां येतें, कीं त्यावर बोट लावतांच थेट त्यास फोन लागावा. परगांवीं नांदणाऱ्या मुलीचें नांव असें पडद्यावर असलें, म्हणजे आईस नांवांची लांब यादी चाळावी लागत नाहीं. वरच्या कडेवरून बोट खालीं ओढलें असतां ज्या चौकटी दिसतात, त्यांचा क्रमहि बहुतेक फोनांत बदलतां येतो. रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्यानें त्यांत विजेरी पहिली ठेवावी; अंधारांत पाय कोठें पडतो ह्याला महत्त्व आहे.

तिसरी गोष्ट खुणांची. कडेवरून बोट आंत सरकविलें कीं मागें जाणें, खालून वर नेलें कीं मुख्य पडद्यावर येणें, ही पद्धति अँड्रॉइड फोनांत २०१९ पासून रूढ होत गेली. तरुणांस ती सोयीची. परंतु वृद्धाचें बोट कांपतें व नको तें उघडतें. अशांनीं सेटिंगमध्यें जाऊन जुनीं तीन बटणें परत आणावींत. नवें तें सर्वांसच मानवतें असें नाहीं, आणि जुनें निवडण्याची सोय यंत्रानेंच ठेवली आहे. उलट कांहीं खुणा वृद्धांनींच आधीं शिकाव्या. अनेक फोनांत चालू-बंदचें बटण दोनदां दाबलें कीं कॅमेरा उघडतो. पुष्कळ नव्या फोनांत तेंच पांच वेळां दाबलें कीं मदतीची हांक जाते. ही सोय चालू आहे कीं नाहीं व हांक कोणाकडे जाते, हें आधींच पाहून ठेवावें.

दृष्टि मंद झालेल्यांसाठींहि फोनांत बरेंच कांहीं आहे. अक्षरें मोठीं करतां येतात. भिंगासारखा पडद्याचा भाग वाढवितां येतो. ज्यास मुळींच दिसत नाहीं त्याच्यासाठीं ‘टॉकबॅक’ आहे. बोट ज्यावर टेकेल त्याचें नांव फोन उच्चारतो आणि दोनदां टिचकी मारली कीं तें उघडतो. ज्यास लिहिणें कठीण त्यानें बोलावें. २०१७ पासून गूगलचें यंत्र मराठी बोलणें ऐकून देवनागरींत उतरवूं लागलें आहे. वऱ्हाडी बोलींतील एखादा शब्द त्यास चुकीचा ऐकूं येईल, परंतु वाक्य सावकाश उच्चारलें तर बहुतेक काम होतें.

तथापि, आपल्या हाताला बसविलेलें औजार चोराच्याहि हाताला बसूं नये, ही काळजी घ्यावी. सरकारी योजनेच्या अथवा वाहनदंडाच्या नांवानें व्हॉट्सॲपवर फसव्या फाइली येतात. त्या उघडल्या कीं एक अनोळखी ॲप फोनांत शिरतें आणि पडदा वाचण्याची व संदेश पाहण्याची परवानगी मागतें. अंधास सहाय्य व्हावें म्हणून ठेवलेली परवानगी चोरास दिली, तर तो दूर बसून धन्याच्या बोटानें काम करूं शकतो. ह्यास्तव ॲप अधिकृत दुकानांतूनच घ्यावें, विनाकारण मागितलेली परवानगी नाकारावी, गुप्त अंक कोणास सांगूं नये. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगतां १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

ह्या सर्व मांडणीस एखाद्या रविवारची सकाळ पुरते. शेजारच्या मुलास तेव्हां अवश्य बोलवावें. परंतु फोन त्याच्या हातीं न देतां, आपल्याच हातीं ठेवून त्यास रीत विचारावी, आणि ती कागदावर चार ओळींत लिहून ठेवावी. वखर दुसऱ्यानें करून दिला तरी रुमणें धन्याच्याच मुठींत असतें. सात-बारा, बँकेचें पुस्तक आणि मुलीचा आवाज हीं सर्व आतां ह्या कांचेंत आलीं आहेत. तीं धन्याच्याच बोटाखालीं राहावींत, एवढ्यासाठींच हा खटाटोप करावयाचा.